भाकरीतली प्रथिने कुठे गेली?

शाळेच्या भिंतीवरचा आहाराचा तक्ता आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात अन्नपदार्थांचे तीन गट पाडलेले असतात. ऊर्जा देणारे पदार्थ : ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, तेल, तूप, गूळ. शरीराची बांधणी करणारे पदार्थ : दूध, अंडी, मांस, मासे, डाळी. संरक्षण करणारे पदार्थ : भाज्या आणि फळे. तक्ता लक्षात ठेवायला सोपा आणि 'जोड्या लावा' या प्रश्नाला तर फारच सोयीचा. आहारात विविधता हवी एवढे चौथी-पाचवीच्या मुलांना त्यातून नक्की कळते. हे त्याचे श्रेय आम्ही नाकारत नाही.

आमचा आक्षेप वेगळा आहे. लहान वर्गासाठी केलेली ही सोय पुढे नववी-दहावीतही तशीच राहते आणि मग आयुष्यभर डोक्यात घर करून बसते. तिच्यातून तीन समजुती तयार होतात. पहिली, धान्यातून फक्त ऊर्जा मिळते. दुसरी, वनस्पतींची प्रथिने 'अपूर्ण' म्हणजे हलक्या प्रतीची असतात. तिसरी, ताटात डाळ दिसली की प्रथिनांचे काम झाले. आपल्याकडे मांसाहार करणारी घरेसुद्धा आठवड्यातले बहुतेक दिवस शाकाहारीच जेवतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ कट्टर शाकाहारी कुटुंबांपुरता नाही. या समजुतींपायी एखाद्या घरात प्रथिनांच्या पावडरीचे महागडे डबे येतात, तर दुसऱ्या घरात पाण्यासारख्या आमटीवर समाधान मानले जाते. म्हणून त्या एकेक करून तपासून पाहू.

एका पदार्थाला एकच रकाना

तक्त्याचा मूळ दोष असा की तो एका पदार्थाला एकाच रकान्यात बसवतो. निसर्गात तसे नसते. ज्वारीच्या दाण्यात पिष्ट आहे तसे प्रथिनही आहे, आणि शेंगदाण्यात तेल आहे तसे प्रथिनही आहे. स्थूलमानाने १०० ग्रॅम ज्वारीत १० ग्रॅम, बाजरी व गव्हात ११ ग्रॅमच्या आसपास आणि तांदळात ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. डाळी-कडधान्यांत हे प्रमाण २० ते २४ ग्रॅम, शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम, गाईच्या दुधात साधारण सव्वातीन ग्रॅम आहे.

टक्केवारीत धान्य डाळीच्या निम्मेच भरते हे खरे. पण आपण डाळ मूठभर खातो आणि धान्य शेरभर. म्हणून बेरीज केली की चित्र बदलते. २०२२-२३ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतात माणशी मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या जवळपास वाटा धान्यांचाच होता.

याचे उदाहरण शाळेतच आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलामागे १०० ग्रॅम धान्य व २० ग्रॅम डाळ असे माप ठरलेले आहे आणि त्यातून १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा आहे. आता ही १२ ग्रॅम येतात कुठून? २० ग्रॅम डाळीतून मिळतात साडेचार ग्रॅम. उरलेली सात-साडेसात ग्रॅम तांदळातून येतात. म्हणजे सरकारी हिशेबात तांदूळ हा प्रथिनांचा मोठा पुरवठादार आहे, आणि त्याच शाळेच्या भिंतीवर तो 'ऊर्जा देणारा' म्हणून एका बाजूला उभा आहे! खिचडी खाणाऱ्या मुलाला ही विसंगती दाखवून द्यायला काय हरकत आहे?

'अपूर्ण' हा शब्द आला कोठून?

प्रथिने वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी नऊ आपले शरीर तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. यांतले एखादे कमी पडले तर बाकीची मुबलक असूनही शरीरातील प्रथिनांची बांधणी त्या मर्यादेपाशी अडते. धान्यांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत गंधकयुक्त अमिनो आम्ले, विशेषतः मेथिओनीन. इथपर्यंत कोणाचाच वाद नाही.

'अपूर्ण प्रथिने' ही कल्पना रूढ झाली ती मुख्यतः अमेरिकेतील ऑसबॉर्न आणि मेंडेल यांच्या १९१४ च्या सुमाराच्या प्रयोगांमुळे. त्यांनी वाढत्या उंदरांना मक्यातील झीन हे एकच शुद्ध प्रथिन दिले, तेव्हा उंदरांची वाढ खुंटली. त्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन घातल्यावर उंदीर वाढू लागले. प्रयोग उत्तमच होता. पण त्यातून पुढे जो निष्कर्ष रूढ झाला तो प्रयोगापेक्षा बराच मोठा होता. झीन हे मक्यातील अनेक प्रथिनांपैकी एक आहे. दाण्यात इतरही प्रथिने असतात आणि त्यांत लायसीन असते. शिवाय उंदराचे पिल्लू आठवड्याभरात वजनाने दुप्पट होते, तर माणसाच्या मुलाला त्यासाठी सुमारे पाच महिने लागतात. उंदराच्या अंगावर दाट केस असतात आणि केसांसाठी गंधकयुक्त अमिनो आम्ले जास्त लागतात. त्यामुळे उंदरांच्या वाढीवरून प्रत ठरवताना डाळी आणि सोयाबीन यांना वर्षानुवर्षे कमी गुण मिळत राहिले. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने ही पद्धत बाजूला ठेवून माणसाच्या गरजेशी तुलना करण्याची रीत पुढे आणली.

'अपूर्ण' या शब्दाचा दुसरा दोष असा की त्यातून अमुक अमिनो आम्ल त्या पदार्थात मुळीच नाही असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात धान्ये आणि डाळी या सर्वांमध्ये नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्ले असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसलेले अन्नातील ठळक प्रथिन म्हणजे जिलेटिन, आणि ते तर प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून मिळते. तेव्हा 'प्राणिज म्हणजे पूर्ण, वनस्पतिज म्हणजे अपूर्ण' हा नियम दोन्ही बाजूंनी लंगडा आहे.

या समजुतीला एक नवे वळण मिळाले ते १९७१ साली. फ्रान्सिस मूर लॅपे यांच्या 'डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट' या अमेरिकेत गाजलेल्या पुस्तकाने धान्य आणि डाळ एकाच जेवणात जुळवून खाण्यावर भर दिला. दहा वर्षांनी काढलेल्या सुधारित आवृत्तीत लेखिकेनेच हा आग्रह सोडून दिला. शरीरात अमिनो आम्लांचा काही साठा सतत खेळता असतो. सकाळची भाकरी आणि संध्याकाळची उसळ यांचा मेळ शरीर घालू शकते. हिशेब घासाघासाचा नसून दिवसाचा आहे. तरीही 'एकाच वेळी खाल्ले तरच उपयोग' हे वाक्य अनेक ठिकाणी अजून शिकवले जाते.

म्हणजे प्रतीचा प्रश्नच नाही का?

इथे थांबलो तर आपण दुसऱ्या टोकाला जाऊ. 'आपला वरण-भात परिपूर्णच आहे, पूर्वजांनी सगळा विचार केला होता' असे म्हणून पाठ थोपटून घेणारे लेखही पुष्कळ वाचायला मिळतात. त्यांनाही आम्ही तोच प्रश्न विचारू : वरण किती? आणि त्यात डाळ किती?

थोडा हिशेब करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार चांगल्या प्रतीची प्रथिने दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात. ५५ किलोग्रॅम वजनाच्या स्त्रीला म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम. लायसीनची गरज दर किलोग्रॅममागे ३० मिलिग्रॅम धरली जाते. तिच्यासाठी ती होते १६५० मिलिग्रॅम. एक ग्रॅम प्रथिनामागे लायसीन ढोबळमानाने असे असते : ज्वारीत २० मिलिग्रॅम, तांदळात ३६, डाळी-कडधान्यांत ६५, शेंगदाण्यात ३५, दुधात ७८.

पहिल्या घरातील स्त्री दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, १०० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम तूरडाळ, ३० ग्रॅम मटकी, २० ग्रॅम शेंगदाणे आणि २०० मिलिलिटर दूध घेते असे समजू. प्रथिने अनुक्रमे ३०, ७, सुमारे साडेसहा, साडेसहा, ५ आणि साडेसहा ग्रॅम. बेरीज ६१ ग्रॅमच्या वर. त्यातील ३७ ग्रॅम एकट्या धान्याची. लायसीन होते सुमारे २३७० मिलिग्रॅम. पचनात पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी १९०० च्या आसपास उरते. हे ताट निःसंशय पुरेसे आहे, आणि त्यात कोणतीही पावडर नाही.

दुसऱ्या घरात ३५० ग्रॅम ज्वारी, १०० ग्रॅम तांदूळ आणि पातळ आमटीतून मिळणारी १० ग्रॅम डाळ. दूध चहापुरते, शेंगदाणे नाहीत. प्रथिने ३५, ७ आणि २, म्हणजे ४४ ग्रॅम. वरवर पाहता ४६ च्या अगदी जवळ! पण लायसीन भरते सुमारे १०९० मिलिग्रॅम. गरजेपेक्षा एक तृतीयांशाने कमी. त्यात ज्वारीची प्रथिने शिजवल्यावर काहीशी कमी पचतात, म्हणजे खरी तूट याहून मोठी. पोट भरलेले आहे, प्रथिनांची बेरीज जुळल्यासारखी दिसते, आणि तरीही उणीव आहे.

ही उणीव कशाने भरून निघेल? आमटीत ४० ग्रॅम डाळ वाढवली की कागदावरची लायसीनची बेरीज १६७५ वर जाते. पचनातील तूट लक्षात घेतली तर दिवसाची एकूण डाळ ८० ग्रॅमच्या घरात न्यावी लागेल, किंवा या ४० ग्रॅमला पेलाभर दुधाची जोड द्यावी लागेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत २००० कॅलरींच्या आहारासाठी डाळी-कडधान्यांचे (मांसाहारींसाठी त्याऐवजी अंडी वा मांसाचे) माप ८५ ग्रॅम दिले आहे. आपला हिशेबही तिथेच जाऊन पोचतो. त्याच सूचनांमध्ये स्नायू वाढवण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नयेत असेही स्पष्ट म्हटले आहे.

आकडेही बदलतात

पाठ्यपुस्तकी मांडणीत आणखी एक गोष्ट हरवते. शास्त्रातले आकडे कसे ठरतात आणि का बदलतात ही ती गोष्ट. १९५० आणि ६० च्या दशकांत जगात 'प्रथिनांची टंचाई' आहे असा मोठा गवगवा होता. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालच प्रसिद्ध केला. याला ज्यांनी विरोध केला त्यांत दोन भारतीय नावे ठळक आहेत. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन यांनी कुपोषित मुलांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की त्यांच्या आहारात प्रथिनांपेक्षा एकूण अन्नच कमी पडते. अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख राहिलेले आणि नंतर पुण्यात काम केलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी आकडेवारीच्या आधारे तेच मांडले. पोटाला पुरेसे अन्न मिळाले नाही तर शरीर प्रथिनेच जाळून ऊर्जा मिळवते. अशा वेळी नुसती प्रथिने वाढवणे म्हणजे चुलीत सागवान घालण्यासारखे आहे. १९७४ साली डोनाल्ड मॅक्लॅरेन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात या सगळ्या गाजावाजाचा समाचार घेतला आणि वारे फिरले.

पण गोष्ट तिथेही संपली नाही. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात प्रौढांची लायसीनची गरज दर किलोग्रॅममागे १२ मिलिग्रॅम मानली होती. त्या मापाने दुसऱ्या घरातील स्त्रीला ६६० मिलिग्रॅम पुरले असते आणि तिचे ताट उत्तम ठरले असते. पुढे कार्बनच्या जड समस्थानिकाने खूण केलेली अमिनो आम्ले देऊन शरीरातील त्यांचा व्यय थेट मोजण्याची पद्धत आली. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. अनुरा कुरपाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय प्रौढांवर असे अभ्यास केले. या प्रकारच्या कामातून जुना आकडा फारच कमी असल्याचे दिसून आले आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तो ३० मिलिग्रॅम झाला. ताट तेच आणि खाणारी व्यक्तीही तीच, पण 'पुरेसे' या शब्दाचा अर्थ बदलला.

यावरून 'शास्त्रज्ञ रोज वेगळे सांगतात' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण बरोबर नाही. सुखात्मे आणि गोपालन यांचा मुद्दा आजही खरा आहे : आधी पोट भरले पाहिजे. नव्या मोजमापाने त्यात एवढीच भर घातली की फक्त धान्याने भरलेले पोट पुरेसे नाही. पहिल्या मुद्द्याला दुसऱ्याने खोडलेले नाही, पुरे केले आहे. दहावीच्या विद्यार्थ्याला हे समजण्यासारखे आहे.

ओले आणि कोरडे

तिसरी समजूत मापाविषयीची. 'डाळीत २२ टक्के, दुधात ३ टक्के, म्हणून डाळ दुधाच्या सातपट' असे उत्तर विद्यार्थी बिनदिक्कत लिहितात. एक आकडा कोरड्या डाळीचा आहे आणि दुसरा पाण्यासकट दुधाचा. डाळ कोरडी कोणी खात नाही. शिजवताना पाणी घातले की घट्ट वरणाच्या वाटीत २५-३० ग्रॅम डाळ असू शकते आणि पातळ आमटीच्या तेवढ्याच वाटीत १० ग्रॅमही नसते. तक्त्याच्या दृष्टीने दोन्ही 'डाळ'च.

मोड आलेल्या कडधान्यांविषयीही असेच. 'मोड आणल्याने प्रथिने वाढतात' हे वाक्य भाषणांत आणि लेखांत सर्रास आढळते. मोड येताना दाणा पिष्ट वापरून श्वसन करतो, म्हणून कोरड्या वजनाच्या हिशेबात प्रथिनांची टक्केवारी किंचित वर जाते. पण मूठभर मटकीतली प्रथिने मूठभर मटकीइतकीच राहतात. उलट पाणी शोषल्यामुळे १०० ग्रॅम ओल्या मटकीत ती कोरडीपेक्षा कमी भरतात. मोड आणण्याचे फायदे वेगळे आहेत : पचन सुधारते आणि 'क' जीवनसत्त्व तयार होते. हे फायदे पुरेसे मोठे आहेत. त्यांना खोट्या फायद्याचा टेकू कशाला?

वर्गात काय करता येईल

तक्ता फाडून टाका असे आमचे म्हणणे नाही. सातवीच्या पुढे त्याला तराजूची जोड द्यावी. पन्नास ग्रॅम मटकी भिजत घालून मोड आल्यावर पुन्हा वजन करणे हा दोन दिवसांचा प्रयोग आहे. वजन दुपटीहून अधिक का झाले आणि प्रथिने का वाढली नाहीत, यावर एक तास चांगला रंगतो. वरच्या दोन ताटांचा हिशेब गणिताच्या तासाला देता येईल. डाळ ज्या दिवशी महाग होते त्या दिवशी कोणत्या घरातील आमटी पातळ होते आणि त्याने काय कमी पडते, हे याच आकड्यांवरून दिसेल.

एक पथ्य मात्र पाळावे. 'काल तुमच्या घरी काय जेवलात, किती डाळ होती?' असे प्रश्न वर्गात उभे करून विचारू नयेत. ज्याच्या घरी आमटी पातळ असते त्याला ते ठाऊक असते. मोजायचेच असेल तर शाळेतलेच भांडे मोजावे. पट किती, आज शिजवलेले धान्य किती, डाळ किती, मुलामागे किती आली? प्राथमिकला २० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकला ३० ग्रॅम डाळ हे ठरलेले माप आहे. ते भरते की नाही हे पाहायला साधा तराजू आणि भागाकार एवढेच लागते. भरत नसेल तर मुख्याध्यापकांशी आणि शाळा व्यवस्थापन समितीशी बोलावे. ज्या मुलाच्या घरी दिवसाला १० ग्रॅम डाळ पडते, त्याच्यासाठी शाळेतली ही २० ग्रॅम म्हणजे दुपटीची भर आहे.